मोबाइलमधलं रान आणि सातबाऱ्यावरचं नाव

माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत, कोरेगावपासून तासगाव-वाळव्यापर्यंत जिथं जिथं हे ऐकताय, तिथल्या सगळ्या आयाबहिणींना, आजीबाईंना आणि कॉलेजला जाणाऱ्या पोरींना आम्हा गटाच्या बायकांचा नमस्कार. हातातलं काम चालू ठेवा. भाकरी थापताना, शेंगा फोडताना ऐकलं तरी चालेल.

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आपण मोबाइलवरच्या एका खेळाबद्दल बोलणार आहोत, आणि तो खेळ आहे शेतीचा. दिवसभर रानात भांगलण करून कंबर मोडते, आणि वर मोबाइलवर पण शेतीच करायची का, असं आमच्या बैठकीतही पहिल्यांदा हेच विचारलं गेलं. पण पोरी ऐकेनात. गटातल्या दोघीतिघींच्या मुली बारावीच्या पुढं शिकतात. त्यांना हा खेळ हवा होता. बचतीची बैठक संपली की त्या सांगायच्या, असा खेळ आहे, त्यात म्हातारा आजा आपल्याला रान ठेवून जातो, गाय असते, कोंबड्या असतात, गावची जत्रा असते. ऐकून ऐकून आम्हालाच उत्सुकता लागली. एवढं काय असतं त्यात, बघूया तरी, असं ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत एकीच्या फोनवर तो खेळ घेतला, आणि बैठकीनंतर अर्धा तास, असं करत आम्ही तो खेळायला लागलो. अजून खेळातला पहिला हंगामच चालू आहे. तेवढ्यात काय दिसलं, ते आज सांगतो.

या खेळाचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. असे शेतीचे खेळ काही आजचे नाहीत. 1996 साली जपानमध्ये यासुहिरो वाडा नावाच्या माणसानं असा पहिला गाजलेला खेळ केला. तो खेड्यात वाढला आणि कामासाठी टोकियोला गेला. शहरात गेल्यावर गावाची किंमत कळली, म्हणून त्यानं मारामारी नसलेला, शेतीचा आणि गावाचा खेळ केला. बाहेरच्या जगात तो 'हार्वेस्ट मून' म्हणून ओळखला गेला. मुंबई-पुण्याला कामाला गेलेला आपला माणूस सुगीच्या दिवसांत गावाकडं फोन करून 'जोंधळा कसा आलाय' विचारतो ना, त्यातलाच हा प्रकार. मग 2009 मध्ये फेसबुकवर 'फार्मव्हिल' आला. तुमच्यातल्या काहीजणींच्या दिरांनी, भावांनी तो खेळला असेल. पीक वेळेत काढलं नाही तर वाळून जायचं, म्हणून माणसं ऑफिसात बसून चोरून कापणी करायची. तो 2020 च्या डिसेंबरअखेर बंद झाला. एक खेळ ट्रॅक्टर आणि यंत्रांचा आहे, 'फार्मिंग सिम्युलेटर'. तो स्वित्झर्लंडच्या कंपनीचा. नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचा नवा भाग आला आणि त्यात भाताची खाचरं आणि म्हशी आल्या. इतकी वर्षं त्या खेळांत गोऱ्यांच्या गायी आणि गव्हाची मोठमोठी रानं, आता कुठं आपली म्हैस आत शिरली!

आम्ही खेळतो तो 'स्टारड्यू व्हॅली' 2016 च्या फेब्रुवारीत आला. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन या एकट्या मुलानं साडेचार वर्षं खपून तो केला. चित्रं त्यानंच काढली, संगीत त्यानंच दिलं, आतली सगळी जुळणी त्यानंच केली. आजवर त्याच्या 4 कोटींहून जास्त प्रती खपल्यात. पोरींनी हे कौतुकानं सांगितलं, तेव्हा एका मावशींनी विचारलं, "साडेचार वर्षं त्याचं घर कोण चालवत होतं?" पोरींनी शोधून सांगितलं. तो संध्याकाळी एका नाट्यगृहात थोडं काम करायचा, पण घराचा जास्त भार त्याच्या मैत्रिणीवर होता. ती शिकत होती आणि नोकरीही करत होती. मावशी म्हणाल्या, "हां, तरीच." कुठल्याही देशात जा मैत्रिणींनो, एकट्यानं केलं म्हणतात त्याच्या मागं बघायचं. तिथं एक बाई डबा भरत असते.

आता खेळात काय आहे ते सांगतो. सुरुवातीलाच आजा मरणाच्या दारात असतो. तो नातवंडाच्या हातात बंद पाकीट देतो आणि म्हणतो, लगेच उघडू नको, जीव फार कंटाळला की मग उघड. पुढं ते नातवंड शहरात एका मोठ्या कंपनीत कामाला लागतं आणि कंटाळतं. तेव्हा पाकीट उघडतं, तर आत चिठ्ठी. आज्यानं आपलं रान तिच्या नावानं ठेवलेलं. 'तिच्या' म्हणतो, कारण खेळ सुरू करताना मुलगा की मुलगी हे आपणच निवडायचं, आणि आम्ही मुलगी निवडली. तिला नाव दिलं, रानाला पण नाव दिलं. आमच्या रानाचं नाव 'जोतिबाचा माळ'.

खेळात मुलगा निवडला काय आणि मुलगी निवडली काय, चिठ्ठीत एका अक्षराचा फरक पडत नाही. हे कळलं तेव्हा बैठकीत जरा शांतता झाली. मग एकजण हळूच म्हणाली, "हिला हक्कसोडवर सही मागायला कुणी आलं नाही वाटतं." सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात काय होतं, ते तुम्हा-आम्हाला माहीत आहे. या मुद्द्याकडं आपण परत येणार आहोत.

रान मिळतं, पण पडीक. दगड, ओंडके, काट्याकुट्या. माणमधल्या बायका म्हणाल्या, हे तर आमचंच. कुऱ्हाड, कुदळ, खुरपं, फावडं आणि पाण्याची झारी एवढी अवजारं हातात असतात. गावचा प्रमुख 15 बिया देतो. पीक आहे पार्सनिप नावाचं, पांढऱ्या गाजरासारखं कंदमूळ. बी विकत घेतलं तर 20 ला, आणि 4 दिवसांत तयार झालेला कंद 35 ला जातो. आम्ही लगेच हिशोब मांडला. फुकटच्या 15 बियांचे 525 आले. त्यातून पुढचं बी घेतलं. पोरी म्हणाल्या, कोंबडी घेऊ. बायका म्हणाल्या, थांब, आधी खेळतं भांडवल वाढू दे. गटात अंतर्गत कर्ज देताना जे वाद होतात, तेच सगळे इथं झाले.

आणखी काही गोष्टी बघून तर हसून हसून पुरेवाट झाली. खेळात गाय विकत घेतली की ती मोठी झाल्यावर रोज दूध देते. गाभण जायची गरज नाही, विण्याची नाही, आटत पण नाही! ज्यांनी आटलेल्या म्हशीला चार-चार महिने वैरण घातली आहे, त्या म्हणाल्या, असली गाय कुठल्या बाजारात मिळते, खरसुंडीला का पुसेगावला? डाळिंबाचं झाड 28 दिवसांत मोठं होतं आणि पुढं हंगाम आला की फळ देतं. आटपाडीच्या बायका म्हणाल्या, तेल्या नाही, मर नाही, फवारणी नाही, मग शेतकरी करतो काय दिवसभर? द्राक्षाचा वेल लावला तर त्या ओळीतून माणसाला जाता येत नाही, वळसा घालावा लागतो. तासगावच्या बायका म्हणाल्या, आमचा निम्मा जन्म मांडवाखाली मान वर करून विरळणी करण्यात गेला, आणि ह्यांना आत पण जाता येईना!

पीक असलेल्या वाफ्यात तण येत नाही. म्हणजे भांगलणच नाही. पाणी नाही घातलं तर पीक मरत नाही, फक्त वाढायचं थांबतं. तळ्यातून झारी कितीही वेळा भरा, तळं आटत नाही. रात्री बारा ते सकाळी सहाची लाइट नाही, पाण्याची पाळी नाही, टेंभूचं आवर्तन कधी सुटतंय म्हणून वाट बघणं नाही. आणि विक्री तर बघा. घरासमोर एक पेटी असते. संध्याकाळी माल त्यात टाकायचा, सकाळी पैसे जमा. आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही. भाव आधीच ठरलेला. सांगलीच्या यार्डात हळदीचं पोतं फोडून सौदा होईपर्यंत ज्यांचा जीव टांगणीला लागतो, त्यांना ही पेटी बघून काय वाटलं असेल, ते आम्ही सांगायला नको.

मग हा खेळ खोटा म्हणून सोडून द्यायचा का? आमच्यात यावर चांगलाच वाद झाला. काही जणी म्हणाल्या, शेतीतलं सगळं दुःख काढून टाकलं आणि उरलं त्याला खेळ म्हणतात. ते खरं आहे. पण पोरींचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या, आई, ह्यात काय नाही ते तू सांगितलंस. ह्यात जे आहे आणि आपल्याकडं नाही, ते पण बघ की.

मग आम्ही तसं बघितलं. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली गोष्ट, दमणूक दिसते. पडद्याच्या कोपऱ्यात एक उभी पट्टी असते, ती त्या मुलीची ताकद. कुदळ मारली की कमी होते, पाणी घातलं की कमी होते. पट्टी पार संपेपर्यंत राबवलं तर दुसऱ्या दिवशी ती निम्म्या ताकदीनं उठते. रात्री दोनपर्यंत जागली तर चक्कर येऊन पडते. म्हणून खेळणाऱ्याला सारखं विचार करावा लागतो, आता हिला खायला द्यायचं, आता हिला झोपवायचं. मैत्रिणींनो, आपल्या कपाळावर अशी पट्टी असती तर? पहाटे धारा, मग स्वयंपाक, मग रान, मग सरपण, परत धारा, परत स्वयंपाक. संध्याकाळी घरात शिरणाऱ्या माणसाला पट्टी लाल झालेली दिसली असती. आपली दिसत नाही, म्हणून ती नाही असं सगळे धरून चालतात. आम्ही आता बैठकीत गमतीनं एकमेकींना विचारतो, "पट्टी किती उरली गं?" पण ज्या बाईनं 'दोन बोटं' म्हणून दाखवलं, तिला त्या आठवड्यात रक्त तपासायला आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेलो. खेळातून एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

आणि हो, खेळात लग्न करता येतं. लग्नानंतर नवरा काही दिवस सकाळी उठून स्वतःहून पिकाला पाणी घालतो, जनावरांना खायला घालतो. हे बघून एकजण म्हणाली, हा भाग मात्र घरी सगळ्यांना दाखवायचा.

दुसरी गोष्ट, गावचा सभामंडप. त्या गावात एक जुनी पडकी इमारत आहे, सगळ्या गावाची. ती दुरुस्त करायचे दोन रस्ते आहेत. एक, आपल्या रानातला माल, नदीतले मासे, रानमेवा असं थोडं थोडं आणून एकेक खोली उभी करायची. दुसरा, मोठ्या कंपनीच्या दुकानाचं सभासद व्हायचं, पैसे भरायचे, मग कंपनी कामं करून देते. पण मग ती इमारत गावाची राहत नाही, कंपनीचं गोदाम होते. आमच्यात मतदान झालं. सगळ्यांनी पहिला रस्ता निवडला. आठवड्याला थोडं थोडं टाकून मोठं काय उभं राहतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 साली श्रमदान करून पहिला वॉटर कप जिंकला, तेव्हा गावानं आपल्या हातानं चर खोदले, बांध घातले. आपल्याकडं अशी उदाहरणं आहेत, म्हणून हे आम्हाला लगेच पटलं.

तिसरी गोष्ट म्हणजे तीच चिठ्ठी. आज्यानं नातीच्या नावावर रान केलं. खेळात ही गोष्ट दोन मिनिटांत उरकते. आपल्याकडं ती पिढ्यान् पिढ्या उरकत नाही. म्हणून आज जरा थांबून कायदा काय सांगतो ते बघू. हे ऐकताना हातातलं काम बाजूला ठेवलं तरी चालेल.

1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं वडिलांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत, मृत्युपत्र केलेलं नसेल तर, मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना सारखा वाटा दिला. वडिलोपार्जित जमिनीचा प्रश्न तेव्हा तसाच राहिला. महाराष्ट्रानं 1994 मध्ये कायदा सुधारला आणि 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क मिळाला, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा यांच्या खटल्यात आणखी स्पष्ट केलं की, 2005 मध्ये वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हा हक्क जात नाही.

आता हक्कसोडपत्र. ते नोंदणी केलेलं असावं लागतं, म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन सही होते. सही आपल्या मर्जीनं करायची असते. कुणी 'नुसती सही कर, कागद नंतर वाच' म्हणालं, तर थांबा. कागद वाचून घ्या, दुसऱ्याकडून वाचवून घ्या. माहेर तुटेल ही भीती आम्हाला कळते. भावाशी भांडा असं आम्ही म्हणत नाही. काही बहिणी समजून-उमजून हक्क सोडतात, तो त्यांचा निर्णय. पण न विचारता, न सांगता, रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीला गाडीवर बसवून कार्यालयात नेणं, याला निर्णय म्हणत नाहीत.

सासरच्या रानाचं काय? 1992 सालच्या राज्य शासनाच्या परिपत्रकानं 'लक्ष्मी मुक्ती' योजना आली. शेतकरी संघटनेनं गावोगाव याच नावाचं आंदोलन केलं होतं, शरद जोशी त्याचे प्रणेते. या योजनेत नवऱ्यानं अर्ज केला तर त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. अर्ज तलाठ्याकडं द्यायचा, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव लागलं की बाईला शेतकरी म्हणून कागदोपत्री ओळख मिळते, आणि पीककर्ज असो, अनुदान असो, आधी कागदच मागतात. अडचण आली तर साताऱ्याला आणि सांगलीला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथं बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी.

आता फोनबद्दल काळजीचं बोलू. आयांना भीती वाटते, आणि ती रास्त आहे. म्हणून खेळाखेळांतला फरक ओळखा. आम्ही घेतलेला खेळ एकदा पैसे देऊन घ्यायचा असतो. एकदा उतरवून घेतला की नेट नसलं तरी चालतो आणि आत परत परत पैसे मागत नाही. दुसरे खेळ फुकट म्हणून येतात आणि आत गेल्यावर नाणी विकत घ्या, बी लवकर उगवायला पैसे द्या, असं म्हणतात. पोरांच्या हातात फोन देताना त्यात बँकेचं किंवा पैसे पाठवायचं ॲप उघडं ठेवू नका, पिन पोरांना सांगू नका. आणि तिसरे खेळ म्हणजे पैसे लावायचे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. तरीही कुणी लिंक पाठवून 'शंभराचे हजार' म्हणालं, तर तो खेळ नाही, फसवणूक आहे. पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 या नंबरवर फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

वेळेचा नियम आम्ही गटात ठरवला तो असा : अर्धा तास, आणि तो बैठकीचं काम, बचत, वसुली, वहीतल्या नोंदी सगळं झाल्यावर. पोरी पण तो पाळतात, कारण फोन आमच्याच हातात असतो.

या खेळात मराठी नाही, हिंदी नाही, आपल्या देशातली एकही भाषा नाही. पोरी इंग्रजी वाचतात आणि आम्हाला सांगतात. त्यातून त्यांचं इंग्रजी वाचन वाढलं, आणि आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. पंधरा-सोळा वर्षांच्या ज्या पोरी 'शेती नको, शेतकरी नवरा नको' म्हणत होत्या, त्या आता विचारतात, आई, आपल्या रानाचा गट नंबर काय? त्यात कुणाकुणाची नावं आहेत? एका आईला गट नंबर माहीत नव्हता. वीस वर्षं ती त्या रानात राबते आहे. मायलेकींनी बसून सातबारा काढला, मोठ्यानं वाचला. त्यावर तिचं नाव नव्हतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो आधी गप्प बसला. चार दिवसांनी म्हणाला, "अर्ज कसा करायचा असतो?" अर्ज दिलाय. नाव लागेल तेव्हा तुम्हाला कळवूच.

खेळात पुढं असं आहे म्हणे, की दोन वर्षं पूर्ण झाली की आजा परत येतो, आणि नातीनं काय केलं ते तपासतो. नुसते पैसे मोजत नाही. गावातल्या किती लोकांशी जिव्हाळा जोडला, पडकी इमारत उभी केली का, हे पण बघतो. आपल्या गटाच्या श्रेणीकरणासारखंच आहे हे. आम्ही अजून तिथपर्यंत पोचलो नाही, वाट बघतोय.

तोवर तुम्हाला एक काम सांगतो. येत्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या रानाचा सातबारा घेऊन या. माहेरचा मिळाला तर तोही. वाचता येत नसेल तर कॉलेजच्या पोरीला बरोबर आणा. आणि मोठ्यानं वाचा, कुणाचं नाव आहे आणि कुणाचं नाही. बाकी बोलणं मग आपोआप सुरू होईल.

काळजी घ्या, पट्टी संपेपर्यंत राबू नका. नमस्कार.